चूषण मॅनिफोल्डचे गळतीरोधन

चूषण मॅनिफोल्डचे गळतीरोधन : अंतर्ज्वलन एंजिनात हवा अथवा हवा व इंधन यांचे मिश्रण निरनिराळ्या सिलिंडरांना वाटून देणाऱ्या बहुशाखी नळास चूषण मॅनिफोल्ड म्हणतात. त्याचे एक टोक कार्ब्युरेटराला किंवा थ्रॉटल झडपेच्या कोठीला जोडलेले असते व त्याच्या शाखा सिलिंडर शीर्षातील (कारागिरांच्या भाषेत ‘हेड’मधील) चूषण द्वारांवर बसविलेल्या असतात. झडपांची दुरुस्ती, सिलिंडर शीर्ष उतरविणे, शीतकाची गळती थांबविणे यांसारख्या कामांसाठी मॅनिफोल्ड काढून पुन्हा बसवावे लागते. या पुनर्जोडणीत मॅनिफोल्ड व सिलिंडर शीर्ष यांच्यातील सांधा हवाबंद करणे हे सर्वांत महत्त्वाचे काम होय. हा सांधा हवाबंद राहणे मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून असते : पृष्ठभागांचा सपाटपणा, त्यांची स्वच्छता आणि सर्व बोल्टांचा समान दाब. गॅसकेट व रोधक लेप ही साधने या तीन गोष्टींना पूरक असतात. त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

गळतीचे स्वरूप : पाण्याच्या वा वाफेच्या नळातील गळती बाहेरच्या दिशेने होते व ती दिसते. पेट्रोल एंजिनाच्या चूषण मॅनिफोल्डातील गळती मात्र आतल्या दिशेने होते आणि म्हणून बहुधा दिसत नाही. वाहन उभे असून एंजिन किमान वेगाने फिरत असताना (निर्भार मंद गतीत) थ्रॉटल झडप जवळजवळ बंद असते. दट्टे हवा ओढीत असल्याने मॅनिफोल्डातील दाब वातावरणीय दाबाच्या सु. एक-तृतीयांशावर येतो. निर्वात मापकावर याचे वाचन सु. ४३ ते ५३ सेंमी. पारा इतके मिळते. सांध्यात कोठेही फट असल्यास बाहेरची हवा तीतून आत घुसते.

छिद्राच्या आतील दाब बाहेरील दाबाच्या सु. ५३ टक्क्यांहून कमी झाला की, छिद्राच्या सर्वांत अरुंद भागातून जाणाऱ्या हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका होतो आणि निर्वात आणखी वाढला तरी आत येणाऱ्या हवेचे प्रमाण वाढत नाही. या अवस्थेत एक चौ. मिमी. छिद्रातून मिनिटाला सु. १० लि. हवा आत येते. एक लिटर धारणक्षमतेच्या चार सिलिंडरी एंजिनाला मंद गतीत मिनिटाला सु. १०० ते १३० लि. हवा लागते. म्हणजे ०.०५ मिमी. रुंद व २० मिमी. लांब अशी नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसणारी फटसुद्धा एकूण हवेच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याइतकी जादा हवा आत सोडू शकते. ही हवा सर्व सिलिंडरांत सारखी वाटली जात नाही. फट ज्या द्वाराजवळ असेल त्याच सिलिंडरात तिचा बराचसा भाग जातो. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सु. १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल हे प्रमाण लागते. बाधित सिलिंडरात हे प्रमाण २० च्या आसपास जाऊ शकते व तेथील मिश्रण वेळेवर पेट घेत नाही.

थ्रॉटल झडप पूर्ण उघडली की, मॅनिफोल्डातील दाब वातावरणीय दाबाच्या जवळ येतो व फटीतून येणारी हवा नगण्य होते. यामुळेच गळती असलेले एंजिन मंद गतीत अडखळते; पण रस्त्यावर वेगाने जाताना पुष्कळदा निर्दोष भासते. केवळ वाहन चालवून पाहून सांधा नीट बसल्याची खात्री करता येत नाही, याचे कारण हेच होय.

डीझेल एंजिनात हवेचे प्रमाण सामान्यतः थ्रॉटल झडपेने नियंत्रित केले जात नसल्याने मॅनिफोल्डात मोठा निर्वात निर्माण होत नाही. टर्बोभारित एंजिनात मात्र भार वाढला की, मॅनिफोल्डातील दाब वातावरणीय दाबापेक्षा अधिक होतो व गळती बाहेरच्या दिशेने होते. परिणामी शक्ती घटते व डीझेल एंजिनातून काळा धूर येऊ लागतो.

परिणाम : कार्ब्युरेटर असलेल्या एंजिनात गळतीमुळे मिश्रण विरळ होते, मंद गती अस्थिर होते, कार्ब्युरेटरातून उलट भडका येतो आणि दीर्घकाळ विरळ मिश्रणावर चालल्यास निष्कास झडपा जळण्याचा संभव असतो. इंधन अंतःक्षेपण असलेल्या एंजिनांत परिणाम नियंत्रणपद्धतीनुसार बदलतो. आत येणाऱ्या हवेचे वस्तुमान थ्रॉटल झडपेच्या आधीच मोजले जात असेल, तर फटीतून आलेली हवा मोजणीतून निसटते व इंधन कमी पडते. मॅनिफोल्डातील दाबावरून हवेचे प्रमाण ठरविले जात असेल, तर वाढलेल्या दाबानुसार नियंत्रक अधिक इंधन देतो व मंद गती वाढते. निष्कास नळातील ऑक्सिजन संवेदक काही मर्यादेपर्यंत ही चूक भरून काढतो. त्यामुळे दोष दीर्घकाळ झाकलेला राहतो.

फटीतून येणारी हवा गाळणीतून आलेली नसते. कच्च्या व धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या वाहनांत व ट्रॅक्टरांत तिच्याबरोबर येणारे सिलिकेचे कण दट्ट्यांच्या कड्या व सिलिंडरांच्या भित्ती झिजवितात. डीझेल एंजिनात निर्वात अल्प असला, तरी गाळणी व एंजिन यांमधील सैल सांध्याचा हा धोका राहतोच. ब्रेकच्या पायटाळ्याला साहाय्य करणारी निर्वात पेटी पेट्रोल वाहनांत सामान्यतः मॅनिफोल्डलाच जोडलेली असते. गळती मोठी असल्यास हे साहाय्यही कमी होते व ब्रेक लावण्यास अधिक जोर लागतो.

ज्या मॅनिफोल्डांतून शीतकही वाहतो त्यांतील गळती सर्वांत घातक असते. शीतक सिलिंडरात गेल्यास पांढरा धूर येतो. तो तेलात उतरल्यास तेल व पाणी यांचे दुधट पायस बनते, वंगणाचा थर टिकत नाही आणि भुजादंडाचे धारवे खराब होतात. गॅसकेटच्या अल्प किंमतीच्या तुलनेत हे नुकसान संपूर्ण एंजिनाच्या दुरुस्तीइतके असू शकते.

सांध्यांचे प्रकार : सर्व सिलिंडर एका ओळीत असलेल्या एंजिनात मॅनिफोल्ड बाजूने बसविलेले असते व त्याचा सांधा एकाच प्रतलात असतो. असा सांधा बंद करणे तुलनेने सोपे असते. व्ही-आकाराच्या एंजिनात मॅनिफोल्ड सिलिंडरांच्या दोन ओळींमध्ये पाचरीसारखे बसते व एकाच वेळी दोन तिरप्या पृष्ठभागांवर टेकते.

शेव्हरोले कंपनीने १९५५ साली बाजारात आणलेले व्ही-८ एंजिन हे याचे सुपरिचित उदाहरण आहे. याच्या दोन ओळींत ९०° चा कोन असून बीडाच्या मॅनिफोल्डकडे अनेक कामे दिलेली होती. ते मिश्रण वाटून देई. शीर्षांतून आलेला शीतक त्याच्या पुढील भागातून तापनियंत्रकाकडे जाई. कार्ब्युरेटराखालचा भाग तापविण्यासाठी त्यातून निष्कास वायूंचा एक मार्ग काढलेला होता. शिवाय दोन ओळींमधील, झडपा उचलणाऱ्या भागांवरील खळग्याचे झाकण म्हणूनही ते उपयोगी पडे. त्यामुळे एकाच मॅनिफोल्डच्या कडांशी हवा, शीतक, तप्त वायू व तेल या चारही गोष्टी अडवाव्या लागत. दोन्ही बाजूंस कागदी गॅसकेटे आणि पुढील व मागील कडांवर बुचाच्या वा रबराच्या पट्ट्या असत. मॅनिफोल्ड खाली ठेवताना या पट्ट्या घसरून बाहेर येत व तेथून तेल पाझरे. पुढे या दोन कडांवर पट्टीऐवजी सिलिकोन रबराची सु. ५ मिमी. उंचीची सलग वळी देण्याची पद्धत रूढ झाली. ही वळी दोन्ही टोकांस सु. १३ मिमी. पर्यंत शीर्षांच्या गॅसकेटवर चढविली जाते, कारण चार पट्ट्यांचे कोपरे हीच गळतीची नेहमीची जागा असते.

ॲल्युमिनियमचे मॅनिफोल्ड बीडाच्या शीर्षावर बसविल्यास प्रसरणातील फरकाचा प्रश्न उद्‌भवतो. ५० सेंमी. लांबीचे ॲल्युमिनियम ८०° से. ने तापल्यास सु. ०.९ मिमी. ने वाढते, तेवढेच लांब बीड सु. ०.५ मिमी. ने वाढते. प्रत्येक वेळी एंजिन तापताना व निवताना दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर किंचित घासले जातात. गॅसकेटला हे सरकणे न फाटता सोसावे लागते.

गॅसकेटांसाठी पूर्वी ॲस्बेस्टसयुक्त कागद मोठ्या प्रमाणावर वापरीत. ॲस्बेस्टसाच्या तंतूंमुळे फुप्फुसांचे गंभीर विकार व कर्करोग होत असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याऐवजी ॲरामीड तंतू, सेल्युलोज, ग्रॅफाइट व पातळ पोलादी पत्रा यांचा वापर होऊ लागला. जुन्या एंजिनातील गॅसकेटाचे अवशेष कोरडे घासून त्यांची धूळ उडू देणे म्हणूनच धोक्याचे असते. ते ओले करून काढतात. नायलॉनाच्या मॅनिफोल्डात खाचेत बसणाऱ्या, साच्यातून काढलेल्या रबरी कड्या वापरतात. मॅनिफोल्डच सदोष असल्यास सांध्याची कितीही काळजी घेतली, तरी ती पुरेशी ठरत नाही. फोर्ड कंपनीच्या ४.६ लि. व्ही-८ एंजिनांच्या १९९६ नंतरच्या काही प्रतिमानांत नायलॉनाच्या मॅनिफोल्डमधील शीतक मार्गाला तडे जात. पुढे तो भाग ॲल्युमिनियमचा करण्यात आला.

रोधक लेप : सामान्य तापमानास घट्ट होणारे सिलिकोन रबर हवेतील बाष्प शोषून बाहेरून आत पक्व होते, २४ तासांत सु. २ ते ३ मिमी. जाडीचा थर पक्व होतो. ते तेल व शीतक यांना चांगले दाद देत नाही. मात्र पेट्रोलाच्या संपर्काने फुगते व मऊ पडते. यास्तव चूषण द्वारांभोवती ते लावू नये. पक्व होताना ज्यातून व्हिनेगरासारखा वास येतो त्या प्रकारातून ॲसिटिक अम्ल बाहेर पडते व धातूचे क्षरण होते. सिलिकोनाच्या काही प्रकारांच्या बाष्पाने ऑक्सिजन संवेदक निकामी होतो. म्हणून संवेदकास अपायकारक नसल्याचा निर्देश असलेला प्रकार निवडतात.

अवायुजीवी रोधकांचे कार्य याच्या उलट असते. हवेचा संपर्क तुटल्यावर दोन धातूंच्या मध्ये ते घट्ट होतात. व्हर्नन क्रीबल या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये विकसित केलेल्या संयुगांपासून या गटाची सुरुवात झाली. यंत्रण केलेल्या, ताठ व अगदी लहान फटीच्या धातूच्या सांध्यांसाठी ते योग्य असतात. रुंद फटी त्यांनी भरत नाहीत.

लेप अधिक लावल्याने सांधा अधिक पक्का होतो, ही समजूत चुकीची आहे. जादा लेप आतल्या बाजूस पिळून निघतो, त्याचे तुकडे सुटतात व तेलपंपाच्या जाळीत किंवा शीतकाच्या अरुंद मार्गांत अडकतात. तंतुमय गॅसकेटच्या दोन्ही बाजूंस सिलिकोन फासल्यास ते निसरडे होऊन बोल्ट आवळताना बाहेर सरकते. रबरी कड्या असलेल्या सांध्यात कोणताही लेप लावीत नाहीत. निर्मात्याने जेथे लेप सांगितला असेल तेथेच तो लावणे हा सर्वसाधारण नियम होय.

पुनर्जोडणी : प्रथम विद्युत् घटमाला विलग करतात, अंतःक्षेपण यंत्रणेतील इंधनाचा दाब उतरवितात आणि एंजिन थंड झाल्यावर शीतक काढून घेतात. मॅनिफोल्ड उचलल्यावर लगेच सर्व द्वारे स्वच्छ कापडाने बंद करतात. जुने गॅसकेट प्लॅस्टिकच्या वा लाकडी खरवडणीने काढतात. पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर पडलेला एकच आडवा ओरखडा गळतीचा मार्ग ठरू शकतो. घर्षक चकत्या यंत्रावर फिरवून पृष्ठभाग साफ करणे टाळतात, कारण त्यांतून निघणारी ॲल्युमिनियम ऑक्साइडाची बारीक पूड तेलात मिसळून धारवे खराब करते. शेवटी ॲसिटोन किंवा तत्सम विद्रावकाने भिजविलेल्या व तंतू न सोडणाऱ्या कापडाने पृष्ठभाग पुसतात. तेलकट बोटाचा ठसाही लेपाची पकड कमी करतो.

सपाटपणा तपासण्यासाठी पृष्ठभागावर सरळ धारेची पोलादी पट्टी लांबीच्या व कर्णांच्या दिशांनी ठेवतात आणि ज्ञात जाडीची पोलादी पाती तिच्याखाली सरकवून पाहतात. सर्वसाधारणपणे ०.१ मिमी. च्या आसपासची वक्रता चालते. नेमकी मर्यादा निर्मात्याने दिलेली असते. तीहून अधिक वक्रता असल्यास पृष्ठभागाचे यंत्रण करावे लागते. दुप्पट जाडीचे गॅसकेट अथवा जाड लेप हा त्यावरचा उपाय नव्हे. व्ही-एंजिनाची शीर्षे घासून सपाट केलेली असल्यास ती खाली व एकमेकांजवळ येतात. मग मॅनिफोल्ड पूर्वीच्या जागी बसत नाही, द्वारे एकमेकांसमोर येत नाहीत आणि बोल्टही तिरपे जातात. अशा वेळी मॅनिफोल्डचे पृष्ठभागही त्या प्रमाणात घासावे लागतात. यासाठी लेप लावण्यापूर्वी एकदा मॅनिफोल्ड कोरडेच बसवून पाहणे इष्ट असते.

बोल्टांचे आटे तारेच्या ब्रशाने साफ करतात. बंद तळाच्या छिद्रांत साचलेले तेल वा पाणी काढून टाकतात. अन्यथा बोल्ट आवळताना अडकलेल्या द्रवाच्या दाबाने धातूला तडा जातो. काही बोल्टांची छिद्रे शीतक मार्गात किंवा तेल असलेल्या खळग्यात उघडतात. अशा बोल्टांच्या आट्यांना रोधक लावणे आवश्यक असते; नाहीतर द्रव आट्यांवरून वर चढून पाझरतो.

सिलिकोनाची वळी दिल्यावर तिच्यावर साय धरण्यापूर्वी, म्हणजे सामान्यतः दहा मिनिटांच्या आत, मॅनिफोल्ड बसवितात. ते सरळ वरून खाली ठेवतात. ठेवल्यावर पुढेमागे सरकविल्यास वळी पुसली जाते व गॅसकेट जागचे हलते. यासाठी दोन किंवा चार छिद्रांत तात्पुरत्या मार्गदर्शक खुंट्या बसविणे सोयीचे ठरते. सर्व बोल्ट प्रथम हाताने फिरवून बसवितात. नंतर पिळाचे माप दाखविणाऱ्या टॉर्क पान्याने मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे जात दोन-तीन टप्प्यांत ते आवळतात. मध्यापासून सुरुवात केल्याने गॅसकेट बाहेरच्या दिशेने ताणले जाते. टोकांपासून केल्यास मध्ये फुगवटा अडकतो.

पान्याने मोजलेला पीळ व बोल्टात निर्माण होणारा ताण यांचे नाते घर्षणावर अवलंबून असते. ८ मिमी. व्यासाच्या कोरड्या बोल्टाला २० न्यूटन-मीटर पीळ दिल्यास सु. १२.५ किलोन्यूटन ताण येतो. त्याच बोल्टाच्या आट्यांना तेल लावले असल्यास तेवढ्याच पिळाने ताण सु. एक-तृतीयांशाने वाढू शकतो. म्हणून आटे कोरडे ठेवावेत की तेलकट, याविषयीची सूचना पिळाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची असते. बीडाच्या वा ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डसाठी योग्य असलेला पीळ नायलॉनाच्या मॅनिफोल्डला दिल्यास ते तडकते.

तंतुमय गॅसकेट उष्णतेने काहीसे दबते. त्यामुळे निर्मात्याने सांगितले असल्यास एंजिन एकदा तापून निवल्यावर बोल्ट पुन्हा तपासतात. साच्यातील रबरी कड्यांना याची गरज नसते. सिलिकोन पूर्ण पक्व होईपर्यंत शीतक भरीत नाहीत व एंजिन सुरू करीत नाहीत.

चाचणी : निर्वात मापकाचे वाचन मंद गतीत स्थिर व अपेक्षेइतके असल्यास सांधा सामान्यतः निर्दोष समजतात, स्थिर पण बरेच कमी वाचन गळती सुचविते. वाचनाचा अर्थ लावताना स्थळाची उंची लक्षात घ्यावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने तेथे मुंबईपेक्षा सु. ५ सेंमी. कमी वाचन मिळणे स्वाभाविक आहे. गळतीची जागा शोधण्यासाठी सांध्यावर ज्वालाग्राही विद्रावक फवारून एंजिनाच्या आवाजातील बदल ऐकण्याची जुनी रीत आहे. परंतु तप्त निष्कास नळाजवळ तीमुळे आग लागू शकते. पाण्याची बारीक फवार त्या मानाने सुरक्षित असते. एंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डात अल्प दाबाने खनिज तेलाचा धूर सोडणे व तो कोठून बाहेर येतो हे पाहणे ही सर्वांत खात्रीची पद्धत होय.

व्ही-एंजिनातील खळग्याच्या बाजूची गळती बाहेरून दिसत नाही, कारण ती वातावरणातील हवेऐवजी एंजिनाच्या पोटातील तेलाची वाफ ओढते. तेलाचा खप वाढणे व निष्कासात निळसर धूर येणे ही तिची लक्षणे दट्ट्यांच्या कड्या झिजल्याच्या लक्षणांसारखीच असल्याने अनेकदा निष्कारण सबंध एंजिन उघडले जाते. एंजिनाच्या पोटातील हवा बाहेर जाण्याचे सर्व मार्ग बंद करून तेलपट्टीच्या नळीशी मापक जोडल्यास हा दोष ओळखता येतो. कड्या झिजल्या असल्यास तेथे दाब वाढतो. मॅनिफोल्डचा सांधा गळत असल्यास निर्वात आढळतो.

रचनेतील बदल : पुनर्जोडणीतील या अडचणींचा परिणाम पुढील एंजिनांच्या रचनेवर झाला. जनरल मोटर्स कंपनीच्या १९९७ मधील एलएस-१ या व्ही-८ एंजिनात नायलॉनाच्या मॅनिफोल्डकडे केवळ हवा वाटण्याचे काम राहिले. शीतकाचा मार्ग त्यातून काढून टाकला गेला, खळग्याला स्वतंत्र झाकण दिले गेले आणि प्रत्येक द्वाराभोवती खाचेतील रबरी कडी आली. त्याचे दहा बोल्ट दोन टप्प्यांत सु. ५ व नंतर सु. १० न्यूटन-मीटर इतक्या अल्प पिळाने आवळतात. १९५५ च्या एंजिनात याच कामासाठी सु. ४० न्यूटन-मीटर पीळ व कडांवर स्वतंत्र लेप लागत असे. तथापि अशा सांध्यातही खाच स्वच्छ असणे, कडी नवी असणे व बोल्ट क्रमाने आवळणे या अटी कायम आहेत.